अवयवदान आणि वैद्याचे विद्यार्थित्व

मिरजेचे नाव परगावी निघाले म्हणजे लोकांस दोन गोष्टींची आठवण प्रथम होते. एक येथील तंबोरे-सतारी आणि दुसरी येथील दवाखाने. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दुखणाईत मात्र चहूंकडून येतात. बेळगाव-विजापुराकडे घरातील कोणी चिवट दुखण्याने अंथरूण धरले की 'मिरजेस नेऊन दाखवा' असे सांगणारा एखादा शेजारी भेटतोच. अशा गावी राहणाऱ्या मुलांस व त्यांच्या आईबापांस वैद्यकीच्या एका प्रश्नाविषयी चार शब्द सांगितले तर ते अस्थानी होणार नाहीत, या समजुतीने हा लेख लिहीत आहो.

प्रश्न मरणोत्तर अवयवदानाचा आहे. ३ ऑगस्ट हा दिवस २०२३ सालापासून आपल्या देशात अवयवदानाचा दिवस म्हणून पाळतात. त्या सुमारास शाळाशाळांतून फेऱ्या निघतात, फलक रंगविले जातात, निबंधस्पर्धा होतात. 'अवयवदान हेच श्रेष्ठ दान' या वाक्याने आरंभ झालेले निबंध आम्ही इतके तपासले आहेत की पुढील वाक्य न वाचताही सांगता येईल. फेऱ्या काढू नयेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट नजरेआड होते. रस्त्यावरील मनुष्याने कितीही मोठ्या मनाने दान द्यावयाचे ठरविले, तरी ते दान एका विशिष्ट दाराने जावे लागते. आणि ते दार म्हणजे रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळीस असलेला डॉक्टर व त्याच्याबरोबरची परिचारिका. या दोघांस त्या घटकेस काय करावयाचे याचे ज्ञान नसेल, तर दात्याची इच्छा त्याच्या देहाबरोबरच स्मशानात किंवा कबरस्तानात जाते. म्हणून लोकशिक्षणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वैद्यांच्या व परिचारिकांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले पाहिजे असे आमचे मत आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपले हृदय स्वतःच्या लयीने चालते. त्यास प्रत्येक ठोक्याकरिता मेंदूची आज्ञा लागत नाही. श्वासाचे तसे नाही. मेंदूच्या तळाशी देठासारखा जो भाग आहे, ज्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात, त्याच्या आज्ञेवाचून छाती हलत नाही. समजा, मोटारसायकलवरून पडून एखाद्या तरुणाच्या डोक्यास जबर मार लागला. मेंदू सुजला आणि त्याचा रक्तपुरवठा थांबून मस्तिष्कस्तंभही कायमचा नष्ट झाला. पूर्वीच्या काळी अशा मनुष्याचा श्वास तत्काळ थांबे, पाठोपाठ हृदय थांबे आणि मृत्यूविषयी कोणासही शंका उरत नसे. आता श्वासयंत्र आहे. यंत्र छातीत हवा भरते, रक्तास प्राणवायू मिळतो आणि हृदय आपल्या लयीने काही तास, क्वचित काही दिवस, चालत राहते. मनुष्य गेलेला असतो. परंतु त्याचा हात ऊन लागतो. बेशुद्धावस्था निराळी, तीत मेंदू जिवंत असतो व रोगी पुन्हा शुद्धीवर येण्याची आशा असते. ज्यास लोक 'ब्रेन डेड' म्हणतात त्या मेंदूमृत्यूत परत येणे नाही. हा भेद कागदावर सोपा आहे. पण ज्या आईने मुलाचा ऊन हात हातात धरिला आहे तिला तो समजावून देणे सोपे नाही, आणि ते काम करणाऱ्यास तो भेद स्वतःस पुरता कळलेला असला पाहिजे.

मेंदूमृत्यू झालेल्या एका मनुष्याकडून हृदय, यकृत, दोन फुप्फुसे, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड इतके अवयव मिळू शकतात. त्यांना वेळेचे बंधन असते. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत बसवावे लागते. यकृतास थोडा अधिक अवधी मिळतो, मूत्रपिंडास त्याहून अधिक. मिरजेहून पुणे रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरांच्या वर आहे. शहराशहरांतून पोलीस रहदारी थांबवून रुग्णवाहिकेस मोकळा मार्ग देतात, तो याच कारणाने.

ही विद्या फार जुनी नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वीपणे बसविले. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मनुष्याचे हृदय मनुष्यास बसविले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रोगी काही तासच जगला. तथापि मुंबईचा एक शस्त्रवैद्य जगाच्या किती जवळ जाऊन पोहोचला होता हे यावरून ध्यानात येईल. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मोहन राव व डॉ. जॉनी यांनी मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी करून दाखविले. मात्र हृदयाकरिता हिंदुस्थानास पुढे २६ वर्षे थांबावे लागले. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते यश मिळविले. अवयवदानाचा दिवस त्याच तारखेस पाळतात तो म्हणूनच.

मधली २६ वर्षे कशात गेली? हात तयार होते, पण मेंदू मेला म्हणजे मनुष्य मेला हे मान्य करणारा कायदा आपल्याकडे नव्हता. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूची लक्षणे १९६८ सालीच जगापुढे मांडली होती. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत झाला तो १९९४ साली. यातून एक सरळ हिशेब निघतो. १९९४ पूर्वी जो डॉक्टर पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच्या शिक्षणाच्या काळी हृदय थांबणे हाच या देशात कायद्याच्या दृष्टीने मृत्यू होता. असे कित्येक अनुभवी डॉक्टर आजही रोगी तपासीत आहेत, आणि गावाचा विश्वास त्यांच्यावरच अधिक असतो. त्यांस मेंदूमृत्यूचा कायदा व त्याच्या कसोट्या ठाऊक असतील, तर त्या त्यांनी पदवीनंतर शिकल्या म्हणूनच.

येथे मिरजेच्या मुलांस आपल्याच गावचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. विल्यम वॉन्लेस हे १८८९ साली न्यूयॉर्कहून वैद्यकीची पदवी घेऊन त्याच साली इकडे आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले व १८९७ मध्ये वैद्यकशाळा काढली. त्यांची पदवी व त्यांची निवृत्ती यांमधील काळ पाहा. पदवी घेतली तेव्हा क्ष-किरण कोणास माहीत नव्हते. ते १८९५ साली सापडले. हिवताप डासाच्या पोटातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस १८९७ साली, म्हणजे मिरजेची वैद्यकशाळा निघाली त्याच वर्षी, सिद्ध केले. प्लेगाचा जंतू १८९४ चा, रक्ताचे गट १९०१ सालचे, मधुमेहावरील इन्शुलिन १९२१ चे. १९२८ साली ते मिरज सोडून गेले, तेव्हा १८८९ च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकांपैकी फारच थोडे जसेच्या तसे उभे राहिले असेल. जो डॉक्टर चाळीस वर्षे लोकांच्या उपयोगी पडतो तो पदवीच्या शिदोरीवर पडत नाही. आणि रुग्णालय उघडल्यावर तीनच वर्षांत शाळा काढणे यात आम्हांस एक विचार दिसतो: जेथे रोगी तेथेच विद्यार्थी. गावात १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा ती परंपरा अधिकच रुंदावली.

आज हे पुढील शिकणे केवळ हौसेवर सोडलेले नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांस दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करिताना निरंतर शिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात. नियम चांगला आहे. परंतु शिक्षकांचीही अशीच प्रशिक्षणे असतात, आणि त्यांत सकाळी सही, दुपारी जेवण व संध्याकाळी प्रमाणपत्र एवढाच अभ्यास करणारे सज्जन आम्ही आमच्याच धंद्यात पाहिले आहेत. वैद्यांचा धंदा याला अगदीच अपवाद असेल असे समजण्यास कारण नाही. गुणांची बेरीज म्हणजे ज्ञान नव्हे. ३० तासांपैकी किती तास नव्या औषधांच्या स्तुतीस गेले व किती तास मरणाऱ्याच्या उशाशी काय करावे याच्या शिक्षणास गेले, हे बेरजेत दिसत नाही.

काय शिकावयाचे आहे, तेही पाहू. पहिली गोष्ट कसोटीची. मेंदूमृत्यू एकट्या डॉक्टराने ठरवावयाचा नसतो. चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचे प्रमुख, नेमलेल्या यादीतील एक तज्ज्ञ, मेंदूविकारांचा तज्ज्ञ आणि रोग्यावर उपचार करणारा डॉक्टर. अवयव बसविणाऱ्या पथकातील कोणीही या मंडळावर चालत नाही. तपासणी दोनदा, निदान सहा तासांच्या अंतराने करावी लागते. बाहुल्यांवर प्रकाश टाकून त्या आकुंचित होतात की नाही ते पाहतात. शेवटी श्वासयंत्र काढून, प्राणवायू चालू ठेवून, रक्तात कर्बवायू साठला तरी छाती आपण होऊन हलते की नाही ते पाहतात. मेंदूविकारतज्ज्ञ हाताशी नसेल तर शस्त्रवैद्य, फिजिशियन, भूलतज्ज्ञ अथवा अतिदक्षतातज्ज्ञ यांपैकी एकास घेण्याची सोय २०११ च्या दुरुस्तीने केली. त्याच दुरुस्तीने असेही ठरविले की जेथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयासही, अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह असल्यास, अवयव काढून घेण्यापुरती नोंदणी करिता यावी. जिल्ह्याच्या गावांस ही तरतूद फार महत्त्वाची आहे. प्रत्यारोपण करण्याइतके साधन प्रत्येक गावी नसेल; दान स्वीकारण्याइतके पुष्कळ ठिकाणी आहे. आपला भाग पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे येतो. तेथे कळविले की प्रतीक्षायादीप्रमाणे अवयव कोणास द्यावयाचा ते ठरते.

दुसरी गोष्ट कसोटीहून अवघड आहे व ती कोणत्याही पुस्तकात पुरती सांपडत नाही. ती म्हणजे बोलणे. कायद्याने आता अतिदक्षता विभागातील डॉक्टरावर असे कर्तव्य टाकले आहे की त्याने समन्वयकाशी विचारविनिमय करून नातलगांस दानाविषयी विचारावे. पण केव्हा विचारावे? 'तुमचा मुलगा गेला' आणि 'त्याची मूत्रपिंडे द्याल का' ही दोन वाक्ये एका श्वासात बोलणारा मनुष्य कितीही विद्वान असो, त्यास नकारच मिळेल व मिळावा. अनुभवी लोकांची पद्धत अशी आहे की प्रथम मृत्यूची वार्ता स्पष्ट सांगावी, ती घरच्यांच्या मनात उतरू द्यावी, आणि मग निराळ्या वेळी, शक्य तर निराळ्या मनुष्याने, म्हणजे समन्वयकाने, दानाचा विषय काढावा. यंत्राकडे बोट दाखवून 'अजून थोडे चालू आहे' असले संदिग्ध बोलू नये. कारण ऐकणारा 'थोडे' हा शब्द धरून बसतो. परिचारिकेची येथे मोठी जबाबदारी आहे. रात्रभर नातलग तिलाच विचारीत असतात. डॉक्टर एक सांगतो व सिस्टर दुसरेच सांगते असे झाले की विश्वास गेलाच. आमच्या विद्यार्थिनींपैकी पुष्कळजणी परिचारिका होण्याची आकांक्षा बाळगतात. त्यांनी हे विशेषेकरून ध्यानात धरावे.

हे आम्ही केवळ कल्पनेने म्हणत नाही. स्पेन देशाने १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापिली आणि रुग्णालयारुग्णालयांतून अतिदक्षता विभागातील डॉक्टरांसच शिकवून समन्वयक नेमले. लोकांत भाषणे करण्यापेक्षा रोग्याच्या उशाशी असणाऱ्या माणसास तयार करण्यावर त्यांनी भर दिला. आज मरणोत्तर दानात तो देश जगाच्या अग्रभागी असून तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षास ४० हून अधिक दाते होतात. आपल्या देशात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. आपले लोक स्पेनच्या लोकांहून चाळीसपट कृपण आहेत काय? आम्हांस तसे वाटत नाही.

या उणिवेचा भार कोणावर पडतो, हे मुलांच्या वडिलांनी शांतपणे विचारात घ्यावे. मेलेल्याचे मूत्रपिंड मिळाले नाही म्हणजे जिवंताचे घ्यावे लागते. आपल्याकडील बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातलगांच्या अवयवांवरच चालतात; आणि ते देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस आदर आहे. पण घरातील कर्ता पुरुष म्हणून त्याने कापून घेऊ नये, आणि ती मात्र कर्ती नव्हे म्हणून तिने घ्यावे, हा हिशेब प्रेमाचा नव्हे. एखाद्या रात्री एका डॉक्टराने न केलेली कसोटी म्हणजे कोठेतरी एका निरोगी बाईच्या अंगावर चालणारी शस्त्रक्रिया असते.

लोकांच्या मनातील संशयही लपवून ठेवू नये. अवयवांकरिता डॉक्टर लवकर 'मेला' म्हणतील, ही भीती कित्येक बोलून दाखवितात. मूत्रपिंडांचा चोरटा व्यापार करणाऱ्या टोळ्या या देशात पकडल्या गेल्या आहेत, तेव्हा ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. याच कारणास्तव मंडळ, दुहेरी तपासणी व लेखी नोंद यांची योजना आहे. आणि पैशाचा व्यवहार करणाऱ्यास पाच ते दहा वर्षांची कैद व वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक बोचतो: दान देणारा पुष्कळदा गरीब असतो, आणि रोपणाचा व त्यानंतर जन्मभर घ्यावयाच्या औषधांचा खर्च सोसणारा सुस्थितीतील असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मूत्रपिंडरोपणास साहाय्य मिळते, पण हा आक्षेप त्याने सर्वस्वी नाहीसा होत नाही. सरकारी रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया अधिकाधिक होऊ लागेल तेव्हाच तो मिटेल. डोळे दिले तर पुढील जन्मी आंधळा होईन, किंवा पुनरुत्थानाच्या दिवशी देह अपुरा राहील, असल्या शंकांस मात्र फार उत्तर देण्याचे कारण दिसत नाही. हाडे देणाऱ्या दधीची ऋषीची कथा ज्या समाजात आजी नातवंडांस सांगते, त्या समाजास हे नवे नाही. आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली रोम येथे जमलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे अशा दानास स्पष्ट संमती दिली आहे. ज्या ईश्वराने मातीतून माणूस घडविला त्यास एक मूत्रपिंड कमी पडेल असे मानणे ही श्रद्धा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून तुम्हांस मरणोत्तर दानाचे प्रतिज्ञापत्र भरता येत नाही. तुमच्यापैकी कोणावर प्रसंग ओढवला तर संमती आईबापांपैकी एकाने द्यावयाची असते. प्रौढाने कार्ड भरून खिशात ठेवले असले, तरी प्रत्यक्षात घरच्यांस विचारल्यावाचून कोणी पुढे जात नाही. म्हणून कार्डापेक्षा जेवताना घरात एकदा झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. हा विषय अशुभ म्हणून वडीलधारी मंडळी तो टाळतात. विम्याचा हप्ता भरताना मात्र त्यांस तो अशुभ वाटत नाही.

नेत्रदान त्या मानाने फारच सोपे आहे, कारण त्यास श्वासयंत्र लागत नाही, मेंदूमृत्यू लागत नाही, मनुष्य आपल्या घरी अंथरुणावर गेला तरी चालते. डोळ्याचे पारदर्शक पटल, ज्यास स्वच्छमंडल म्हणतात, ते बसविण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ७ डिसेंबर १९०५ रोजी एदुआर्द त्सिर्म यांनी ओलोमोउत्स गावी केली. चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुरास दृष्टी आली ती अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यामुळे. इजा झाल्याने तो डोळा काढावाच लागला होता. मुंबई राज्यात याविषयीचा कायदा १९५७ पासून होता. चष्मा असलेले, मोतीबिंदू काढलेले, मधुमेही, ऐंशी वर्षांचे वृद्ध, सर्वांचे डोळे चालतात. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, एड्स, संसर्गजन्य कावीळ, रक्ताचा कर्करोग अशांसारख्या रोगांनी गेलेल्यांचे चालत नाहीत. येथेही सर्व भिस्त पुन्हा वैद्यावरच आहे. मात्र तो मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ नव्हे, तर मृत्यूचा दाखला लिहावयास घरी येणारा नेहमीचा डॉक्टर. दाखल्यावर सही करिताना 'डोळ्यांविषयी काही ठरले आहे काय' एवढे त्याने विचारले पाहिजे, आणि त्याने न विचारल्यास घरच्यांनी त्यास सांगितले पाहिजे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच करावे आणि जवळच्या नेत्रपेढीस फोन करावा. तेथील शिकलेला मनुष्य घरी येतो, पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतो. चेहरा विद्रूप होत नाही व पुढील विधींस खोळंबा होत नाही.